लॉकडाऊनने साधेपणा शिकवला म्हणे!

गठ्ठेवाला
परवा इथे एकांनी लिहिलं, 'लॉकडाऊनमध्ये दोन टीशर्टांवर तीन महिने निघाले, गरजा किती थोड्या असतात ते उमगलं.' तेव्हापासून डोकं भणभणतंय. अहो, गरजा थोड्या नव्हत्या, दुकानं बंद होती! माझं कापडाचं दुकान. २०२० चा पाडवा २५ मार्चला, नेमका टाळेबंदीचा पहिला दिवस. लग्नसराईचा माल गठ्ठ्यांतच राहिला, वर उधारी. जूनमध्ये दोन पोरांना 'नका येऊ' सांगितलं. एक चौदा वर्षं माझ्याकडे होता. तुमचा साधेपणा त्याच्या पगारातून गेला.

अर्धाकप
ते टीशर्टांचं लिहिणारा मीच. वाईट वाटतं, पण तुमचे गठ्ठे फुटावेत म्हणून मी शर्ट घ्यायचे का? पगार तीस टक्के कापला होता. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, व्याज थोडंच थांबलं! आता काही घेताना दोनदा विचार करतो, हा गुन्हा?

गठ्ठेवाला
दोनदा विचार करून दहा मिनिटांत कोथिंबीर मागवता.

तात्या बीडकर
कसली टाळेबंदी घेऊन बसलात! बहात्तरचा दुष्काळ बघायला हवा होता. लोक खडी फोडायचे, अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, खायचे, पण कुरकुर नाही. दुष्काळी कामावर खायला मिळायची ती सुकडी काय गोड लागायची! ती चव पेढ्याला नाही.

माणदेशी
तात्या, वडील काय करायचे तेव्हा?

तात्या बीडकर
तलाठी होते. त्याचं काय?

माणदेशी
म्हणून गोड लागली. माझी आई पोटुशी असताना पाझर तलावावर पाट्या वाहायची. वाट्याची सुकडी पदरात बांधून आणायची, खाणारे आम्ही चौघं. आजही मिलोचं नाव काढलं की ती ताटावरून उठते. कुरकुर नव्हती म्हणे! तुमच्यापर्यंत आली नसेल.

तात्या बीडकर
वडिलांवर घसरायचं काम नाही. आमच्याकडेही मिलोच्याच भाकरी होत्या. चांगली ज्वारी पैसे देऊनही मिळत नव्हती.

माणदेशी
'पैसे देऊनही.' तेच म्हणतेय मी.

तात्या बीडकर
बरं बाई, तुमचा दुष्काळ मोठा.

अर्धाकप
धागा कपड्यांचा होता ना? बरं गठ्ठेवाले, कबूल करतो. पगार पूर्ववत झाला त्याच महिन्यात पंचावन्न इंची टीव्ही घेतला. हप्त्यावर. खूश?

गठ्ठेवाला
टीव्हीवाला खूश. माझ्याकडे त्या सालच्या शेरवानीच्या कापडाचा एक गठ्ठा अजून पडलाय. साधेपणाने वापरणार असाल तर खरेदीच्या भावात देतो.