चाकातून चीं-चीं, ब्रेकमधून खर्रर्र : तुमचा आवाज शेवटी कुठे सापडला? (अनुभव धागा)

इंदिरानगरवाला

नाशिकात इंदिरानगर ते सातपूर, रोजचं येणं-जाणं. गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम ब्रेक (डब्यात आतून दाबणारे शू), 74 हजार किमी झालेत. तीन आठवडे झाले, पुढच्या डाव्या चाकातून चीं-चीं येतंय, चिमणीचं पिल्लू अडकल्यासारखं. वीस-तीसच्या स्पीडला सगळ्यात जास्त, स्पीड वाढला की चीं-चीं पण भरभर होते, आणि गंमत म्हणजे ब्रेकवर हलका पाय ठेवला की बंद. पाय काढला की परत सुरू. काचा वर करून एसी लावला तर काहीच ऐकू येत नाही, पण सोसायटीत शिरताना भिंतीवर आपटून असा काही येतो की वॉचमन काका आता मी दिसायच्या आधीच गेट उघडतात.

एका गॅरेजवाल्याने चाक न काढता नुसतं ऐकून सांगितलं, पॅड आणि डिस्क दोन्ही नवे टाका साहेब. अरे पॅड आठ महिन्यांपूर्वीच टाकलेत! तर ज्यांनी असले आवाज भोगलेत त्यांनी लिहा. कार, स्कूटर, पिकअप काहीही चालेल. आवाज कसा होता, कधी यायचा, निघालं काय. नुसतं "चांगल्या मेकॅनिकला दाखवा" नको, तो कुठे मिळतो तेच तर माहीत नाही.

जेलरोडची

माझं उलटं होतं दादा. ब्रेक दाबला की किंचाळायची गाडी. पॅडला एक छोटी पत्री मुद्दाम लावलेली असते, पॅड झिजून दोन-तीन मिमी राहिला की ती डिस्कला घासते आणि आवाज करते, म्हणजे तो बिघाड नसतो, निरोप असतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी काय केलं, तर गाण्यांचा आवाज वाढवला. महिनाभर. मग एकदा इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना चीं जाऊन त्याच्या जागी घर्र घर्र सुरू झालं आणि पायाला पेडलमध्ये ते जाणवायला लागलं. पॅडचा मसाला (घासणारा थर) संपून लोखंडावर लोखंड. डिस्कवर अशा खाचा पडलेल्या की नख अडकत होतं, ती लेथवर मारूनपण भागणार नव्हतं. नुसत्या पॅडवर भागलं असतं तिथे पॅड-डिस्क सगळं टाकावं लागलं, चूक पूर्ण माझी.

गिरणारेकर

खडा! आमच्याकडे रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली. गाडी बाहेर काढली आणि पन्नास फुटांत असा खर्रर्रर्र आवाज की मला वाटलं चाक निघालं. डिस्कच्या मागे पातळ पत्रा असतो ना, त्याच्यात आणि डिस्कमध्ये वाटाण्याएवढा खडा अडकलेला. शेजारच्या पोराने सांगितलं काका रिव्हर्स घ्या थोडी. घेतली, पडला खडा. खर्च शून्य. दुसऱ्यांदा झालं तेव्हा रिव्हर्सने नाही निघाला, चाक काढून स्क्रूड्रायव्हरने पत्रा जरासा मागे दाबला मग निघाला.

सिडकोकर

स्कूटरवाल्यांसाठी. मागचा ड्रम ब्रेक, सीबीएस बसस्टँडच्या सिग्नलला थांबताना अशी चीं की आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायचे. उघडल्यावर आत काळी बारीक पूड साचलेली आणि लायनर (शूवरचा घासणारा थर) आरशासारखे गुळगुळीत. मिस्त्रीने लायनर पॉलिश पेपरवर घासले, ड्रम आतून पुसला, शू ज्या कॅमवर उघडतात तिथे बोटाच्या टोकाएवढं ग्रीस, बस. लायनरला ग्रीसचा हातसुद्धा लावला नाही. एक सांगते, ती पूड तोंडाने फुंकू नका आणि एअरपण मारू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. माझा मिस्त्री फुंकतच होता, मी ओरडले तर हसला.

पंचवटीतला जुना माणूस

ग्रीसवरून आठवलं. आमचे नाना, हयात बैलगाडीत गेलेली, आस करकरला की वंगण घालायचं एवढं त्यांना पक्कं माहीत. मुलाच्या बाइकचा पुढचा डिस्क ब्रेक वाजत होता तर त्यांनी सकाळी उठून मायेने त्यावर तेल सोडलं. आवाज एकदम बंद! आणि ब्रेकपण. नशीब पोराला गल्लीतच कळलं, समोरच्याच्या ओट्याला चाक टेकून थांबला. पॅडनी तेल प्यायलं की ते कामातून गेले, नवेच टाकावे लागले, डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने धुऊन चालली. नाना आठवडाभर बाइककडे बघत नव्हते.

हायवेवाला

मला चीं नव्हती, घूंssss होती. विल्होळीच्या पुढे साठ-सत्तरला सुरू व्हायची, स्पीडबरोबर चढायची, ब्रेकचा काही संबंध नाही. टायर जुने म्हणून टायर बदलले (गेले पैसे), आवाज तसाच. मग एका म्हाताऱ्या फिटरने शेजारी बसून मला मोकळ्या रस्त्यावर हळू डावी-उजवी वळवायला लावली. उजवीकडे वळली की आवाज वाढायचा, डावीकडे कमी. म्हणे उजव्या वळणाला वजन डाव्या चाकावर येतं, म्हणजे डावं बेअरिंग, चाक ज्यावर फिरतं ते. खात्री करायला जॅक लावला, एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरायला सांगितली. मी धरली. हाताला बारीक खरखर लागत होती, जात्याला हात लावल्यासारखी. उजव्या बाजूला केलं तर काहीच नाही, गुळगुळीत. तेव्हापासून मी कुणाच्याही गाडीची स्प्रिंग धरून बघतो, बायको वैतागलीय.

देवळालीकर

पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात ना, तो डिस्कवरचा रात्रीतला गंज. आपोआप जातो. त्यासाठी पैसे देऊ नका कुणाला.

पिंपळगावचा भाऊ

पिकअप आहे, सीझनला द्राक्षं नाहीतर कांदा. चीं-चीं यायची, मी म्हणलं धूळ असंल. मग ॲव्हरेज पडलं, गाडी डावीकडं ओढाय लागली, आणि एक दिवस आडगावजवळ चहाला थांबलो तर जळका वास. चारी रिमांजवळ हात नेऊन पाहिला, टेकवला नाही बरं का, तीन कोमट आणि डावं पुढचं म्हणजे तवा. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकून जाम झालेल्या, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटूनच. आमचा पोऱ्या बाटलीतलं पाणी ओतायला निघाला, हात धरला त्याचा. तापल्या डिस्कवर गार पाणी घातलं की ती वाकडी होऊ शकते, मग ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं.

इंदिरानगरवाले दादा, तुमचं वाचून मला पिना नाहीतर क्लिपाच वाटताय. पाय ठेवला की बंद म्हणजे पॅड तिथं सैल थरथरतोय, दाबला की गप बसतो. पॅड बदलताना त्याला धरून ठेवणाऱ्या क्लिपा परत बसवल्या का बघा.

सासरवाडी कळवण

वणीच्या गडावरून नांदुरीला उतरताना पूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलो, खाली आलो तेव्हा चाकातून वास आणि दुसऱ्या दिवसापासून चीं. पॅडचा मसाला तापून वरचा थर काचेसारखा झालेला. पॉलिश पेपरने घासून गेला. आता सेकंड-थर्डला टाकून इंजिनवर उतरतो.

इंदिरानगरवाला

अपडेट. पिंपळगावच्या भाऊंना साष्टांग. रविवारी अंबडच्या एका मिस्त्रीकडे गेलो, आधीच सांगितलं चाक काढल्याशिवाय काही बोलू नका. काढलं. पॅड भरपूर शिल्लक, डिस्क साफ. पण पॅडच्या कडेला ज्या स्टीलच्या क्लिपा असतात त्यातली एक गायबच, आठ महिन्यांपूर्वी ज्याने पॅड टाकले त्याने बसवलीच नव्हती, आणि खालची पिन कोरडी ठणठणीत, रबराची टोपी फाटून आत माती. पिन साफ केली, उष्णता सोसणारं ग्रीस लावलं, टोपी नवी, क्लिपांचा सेट नवा. 650 रुपये. येताना चारी काचा खाली करून भिंतीच्या कडेकडेने आलो, काही नाही. वॉचमन काकांनी गेट उघडलंच नाही, हॉर्न मारावा लागला.

पिंपळगावचा भाऊ

लय भारी. उजव्या चाकाच्या पिना पाहिल्या का पण? पॅड त्याच माणसानं टाकलेत ना दोन्हीकडं.

इंदिरानगरवाला

नाही हो. डावंच उघडलं. उद्या परत जातो.