एमयूएनमध्ये 'मानवी तस्करी' हा विषय ठेवावा का?

मसुदेकर
एमयूएन म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्र सभा. मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन बोलतात, गट बांधतात, ठराव मंजूर करतात. मानवी तस्करी हा तिथला नेहमीचा विषय. माझं मत: ठेवावा, पण समिती विचार करून निवडावी. नाव मोठं म्हणून सुरक्षा परिषद घेतली की विषय फसतो. परिषदेचा 2016 चा ठराव क्र. 2331 तस्करीवर आहे, पण सशस्त्र संघर्षाच्या चौकटीत. वीटभट्टीवरची वेठबिगारी त्यात बसत नाही. आमसभेची तिसरी समिती घ्या, सामाजिक आणि मानवी हक्कांचे प्रश्न पाहणारी.

आणि पहिली 40 मिनिटं फक्त व्याख्येला द्या. 2000 च्या पालेर्मो प्रोटोकॉलचं (मानवी तस्करीवरचा संयुक्त राष्ट्रांचा करार) कलम 3 तीन गोष्टी मागतं: कृती, मार्ग, आणि शोषणाचा हेतू. बळी 18 वर्षांखालचा असेल तर 'मार्ग' (धाक, फसवणूक वगैरे) दाखवावा लागत नाही. एवढं पक्कं नसेल तर पुढचं सगळं हवेत.

गवतीचहा
40 मिनिटं देणार कोण? दोन दिवसांचं वेळापत्रक, सभागृहात शंभर मुलं, भाषणाला 60 ते 90 सेकंद. शेवटी मसुद्यात काय उतरतं? 'जनजागृती करावी', 'निधी उभारावा', 'समिती नेमावी'. अहो, पीडितांसाठीचा स्वेच्छा निधी संयुक्त राष्ट्रांनी 2010 मध्येच काढलाय! शिवाय निम्मी मुलं सीमेवर कुंपण घालायला निघतात, कारण माणसांची तस्करी आणि स्थलांतरितांची चोरटी ने-आण त्यांना एकच वाटते. त्या दोन्हींसाठी वेगवेगळे प्रोटोकॉल आहेत. आमसभेचा ठराव शिफारशीपुरता असतो, तरी मसुद्यात 'आदेश देते'. हा खेळ आहे, आणि विषय खेळण्यातला नाही.

अर्धविराम
कुंपणाचा दोष थोडा आपल्या भाषेचाही. 'तस्करी' म्हटलं की सोनं आणि सीमा डोळ्यांपुढे येते. पोलिसांच्या पाटीवर 'अनैतिक मानवी वाहतूक', म्हणजे पुन्हा गाडीच. व्याख्येत मात्र 'आसरा देणं' आणि 'ताब्यात घेणं' हीसुद्धा कृतीच आहे. माणूस तालुका न ओलांडताही बळी ठरू शकतो.

त्यासाठी भाषणाआधी एक कागद वाटावा. ऊसतोडीचा एक 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादमाकडून (मजूर पुरवणारा) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. हिशेबाची वही मुकादमाकडे. आता तीन रकाने भरा. कृती सोपी: भरती. हेतूच्या रकान्यात वेठबिगारी लिहायची की नाही, तिथे वाद सुरू होतो. उचल घेतली म्हणजे तस्करी झाली असं नाही. पण हिशेब दाखवत नाहीत, उचल फिटेपर्यंत जाऊ देत नाहीत, आजारपणाचे खाडे कर्जात चढवतात, तर 'अगतिकतेचा गैरफायदा' हा मार्ग उभा राहतो. असा एक कागद भरला की कुंपण आपोआप गळतं.

गवतीचहा
छान. पण ही कायद्याची कार्यशाळा झाली. राजनय कुठंय यात?

मसुदेकर
परतपाठवणीत. मुंबई-पुण्यातून सुटका झालेली बांगलादेशी मुलगी घ्या. बालिका असेल तर बाल कल्याण समिती, मग निवारागृह, जबाब, पत्ता. पत्ता बांगलादेशच्या मुंबईतल्या उपउच्चायुक्तालयाकडे, तिथून ढाका, तिथून गावात घर पडताळणी. राष्ट्रीयत्व ठरलं की प्रवास परवाना, मग पेट्रापोल-बेनापोल सीमेवर ताबा. अडतं कुठे? दलालाने नाव बदललेलं असतं, पत्ता अर्धवट असतो, किंवा इथल्या खटल्यात तिची साक्ष बाकी असते.

प्रोटोकॉलचं कलम 8 'विनाकारण विलंब न करता' एवढंच म्हणतं. दोन्ही देश त्यात आहेत (भारत 2011 पासून, बांगलादेश 2019 पासून), शिवाय 2015 चा द्विपक्षीय करारही आहे. मुलं हमखास लिहितात: '90 दिवसांत परत पाठवावे'. कधीपासून 90? सुटकेपासून मोजले तर बांगलादेशचा प्रतिनिधी उठतो: कागद आमच्या हातात येईपर्यंतचा उशीर आमच्या माथी का? तिला परत जायचंच नसेल तर? परतणं शक्यतो स्वेच्छेने व्हावं, असंही तेच कलम म्हणतं. दुरुस्त कलम असं होतं: 'पत्ता पोचल्याच्या दिवसापासून 90 दिवसांत पडताळणीचं उत्तर द्यावं अशी विनंती करते, साक्ष दूरचित्र संवादाने घेता यावी यासाठी सदस्य देशांना प्रोत्साहन देते.' ही घासाघीस म्हणजेच राजनय.

'भारत' झालेल्याने भारतीय न्याय संहितेचं कलम 143 वाचून यावं. शोषणाच्या स्पष्टीकरणात गुलामगिरी आहे, भीक मागायला लावणं आहे. 'सक्तीची मजुरी' हे शब्द नाहीत. पालेर्मोत आहेत. समोरचा तयारीचा असेल तर तिथेच पकडणार.

अर्धविराम
एक भर. पीडितेची भूमिका कुणालाही करायला देऊ नका. 'साक्षीदार बोलावू' म्हणत रडारड होते आणि मसुदा तिथेच राहतो.

गवतीचहा
हे सगळं मान्य केलं तरी बक्षीस कुणाला मिळतं? सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी म्हणजे बहुतेकदा बोलायला मिळावं म्हणून सर्वांत जास्त वेळा देशाचा फलक वर करणारा. गुणपत्रिकेत भाषणाला 30 आणि कलमाच्या शब्दांना 40 ठेवून दाखवा. '90 दिवस कधीपासून' हे विचारणाऱ्या गप्प मुलीला गुण मिळत असतील, तर माझा विरोध मागे.