महापालिकेची सौरवीज: आधी गच्च्या की आधी पंप? (तिघांची चर्चा, टोपणनावांनी)

जलदाब:
इंदूर महापालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज) काढले, ते जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी तिथून उपसून विंध्याचा चढ चढवत शहरात आणावं लागतं आणि त्या पंपांचं बिल महिन्याला कोटींत जातं. दुखतं तिथंच त्यांनी औषध लावलं. महाराष्ट्रातल्या महापालिकांनीही तेच करावं. शाळा, दवाखाने, क्षेत्रीय कार्यालयं अशा साठ गच्च्यांवर ३०-३० किलोवॅट विखुरण्याआधी पाणीपुरवठा आणि मैलाशुद्धीकरण केंद्रांकडे पैसा वळवा. साठ इन्व्हर्टरांकडे, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रांकडे, बघणार कोण? डेटा पाठवणाऱ्या सिमचं रिचार्ज संपलं की कार्यालयातल्या स्क्रीनवर शून्य दिसतं. मग संच खरंच बंद आहे की नुसतं सिम संपलंय, हे कुणाला कळत नाही. शिवाय मे महिन्यात ऊन कडक, आणि शाळा बंद.

गच्चीवरून:
पंपांचं बिल मोठं, हे मान्य. पण म्हणून गच्च्या मागे ढकलू नका. ३० किलोवॅटला साधारण ३०० चौरस मीटर गच्ची लागते. त्यातून दिवसाला सरासरी १२० युनिट, म्हणजे वर्षाला ४३ हजारांच्या आसपास वीज मिळते. ती जिथं बनते तिथंच वापरली जाते, त्यामुळे प्रत्येक युनिटमागे पूर्ण दर वाचतो. दूरच्या माळावरून आणलेल्या विजेवर पारेषण आणि वहन आकार, म्हणजे तारांवरून वीज आणण्याचं भाडं, भरावा लागतो, वाटेतली गळतीही आपल्याच माथी.

मे महिन्याची चिंता नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनवर दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा होतात तेव्हा, उरत नाही. जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि हिशेब ३१ मार्चला मिटतो. मेमधली शिल्लक पावसाळ्यात कामी येते. नुकसान होतं ते गच्ची मोठी म्हणून संचही मोठा बसवला तर, कारण मार्चअखेर उरलेल्या युनिटला फारच कमी भाव मिळतो. बारा महिन्यांच्या बिलांतले युनिट एकत्र करा, १४०० नं भागा. तेवढे किलोवॅट पुरे.

तारजोडणी:
हिशेब दोघांचाही बरोबर, पण संच बंद पडतो तो वेगळ्याच कारणांनी. रविवारी शाळेत भार नसतो, आजूबाजूची कार्यालयंही बंद असतात, सगळी वीज लाइनवर जाते. शाळा फीडरच्या (भागाला वीज पुरवणाऱ्या लाइनच्या) टोकाला असेल तर व्होल्टेज चढतं. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर आपोआप ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो, थोड्या वेळानं चालू होतो, पुन्हा ट्रिप होतो. इन्व्हर्टर ते मीटर केबल बारीक आणि लांब असेल तर हे आणखी लवकर होतं. केबल एक साइज वरची घ्या, इन्व्हर्टर मीटर रूमजवळ बसवा. तरीही थांबलं नाही तर वीज कंपनीला रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी, बदलायला सांगा.

आणि स्लॅबला भोकं पाडू नका. पहिल्याच पावसात वर्गात पाणी टपकतं, मग विद्युत विभाग आणि स्थापत्य विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करा, ठोकळ्यांचं वजन आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकातल्या वाऱ्याच्या भारावरून काढा. जुन्या स्लॅबला तेवढं वजन पेलेल का, हे निविदेआधी तपासा.

जलदाब:
व्होल्टेजचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. पंपांना आणि मैलाशुद्धीकरणातल्या ब्लोअरना रविवार नसतो, ऑपरेटर चोवीस तास हजर असतो. वहन आकार टाळायचाय? गाळणीघराचं छत, संपाचा (जमिनीखालच्या टाकीचा) स्लॅब, आवारातली मोकळी जागा आधी वापरा.

तारजोडणी:
एक सावधगिरी. पंपांसारख्या मोठ्या, उच्चदाब (हाय व्होल्टेज) जोडणीचं बिल केव्हीएएचवर निघतं, म्हणजे त्यात प्रत्यक्ष कामाच्या विजेसोबत रिॲक्टिव्ह भारही मोजला जातो. सौर संच किलोवॅट पुरवतो, पण मोटरींचा रिॲक्टिव्ह भार (चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी, काम न करणारी वीज) ग्रिडवरच राहतो, त्यामुळे मीटरवरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेतला कामाच्या विजेचा वाटा, घसरतो. हा फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलचा सीटी (प्रवाह मोजणारं उपकरण) सौर जोडणीच्या पलीकडे, ग्रिडच्या बाजूला असायला हवा. नाहीतर कपॅसिटर चुकीचं माप बघून चालू-बंद होत राहतात.

गच्चीवरून:
संचांकडे बघणार कोण, याला उत्तर रेस्को, म्हणजे वीज विकणाऱ्या कंपनीशी करार. कंपनी स्वतःच्या पैशानं संच लावते, पालिका फक्त बनलेल्या युनिटांचे पैसे देते. पॅनेल मळलं की तोटा कंपनीला, म्हणून धुणारा माणूस वेळेवर येतो. पालिकेनं संच विकत घेतला तर ठेकेदाराला बहुतेक पैसे बसवतानाच मिळतात. पुढं त्याला कशाची फिकीर?

जलदाब:
करार पंचवीस वर्षांचा आणि शाळेची इमारत आधीच चाळीस वर्षांची. ती पाडायची वेळ आली तर संच हलवण्याचा खर्च कुणाचा? बंद काळातल्या युनिटांचे पैसे कोण देणार? हे कलम नसेल तर रेस्कोचा सगळा फायदा तिथंच बुडतो.

गच्चीवरून:
कलम हवंच. आणि ज्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण झालेलं नाही, ती यादीतच घेऊ नये. निविदेत आणखी एक गोष्ट लिहून घ्या: प्रत्येक गच्चीवर पाण्याचा नळ. क्षारयुक्त बोअरचं पाणी नको, काचेवर पांढरे डाग धरतात. धुणं सूर्योदयाआधी, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते.