एटीपी७बी नक्की बसतो कुठे?

सेमिनारचा_बकरा: उद्या सेमिनार आहे आणि डोक्याचा भुगा झालाय. एका पुस्तकात आहे की यकृताच्या पेशीत जास्तीचं तांबं काढणारा एटीपी७बी पंप गॉल्जीत (पेशीतलं प्रोटीन पॅक करून पाठवणारं केंद्र) असतो, दुसऱ्यातल्या आकृतीत तोच पंप पार पित्तनलिकेच्या बाजूला दाखवलाय. दोन वेगळी प्रोटीन्स आहेत का, की तांबं वाढलं की पेशी नवीन पंप बनवते?

पित्तप्रकृती: एकच आहे रे, नवीन नाही बनवत, आहे तोच हलवते. तांबं बेताचं असतं तेव्हा पंप ट्रान्स-गॉल्जीत (गॉल्जीच्या माल बाहेर पाठवणाऱ्या टोकाला) बसून असतो, अ‍ॅटॉक्स१ नावाचं छोटं प्रोटीन त्याला तांबं आणून देतं, हा ते आत ओढतो, तिथे ते सेरुलोप्लाझ्मिन या रक्तात तांबं वाहणाऱ्या प्रोटीनमध्ये बसवलं जातं (एका रेणूत ६ अणू) आणि माल रक्तात रवाना. तांबं वाढलं की हाच पंप व्हेसिकलमध्ये (पेशीतल्या छोट्या पिशवीत) बसून पित्ताच्या बाजूला निघतो. पंपाच्या एका टोकाला तांबं पकडणाऱ्या ६ जागा आहेत, तांबं किती झालंय ते त्याला तिथूनच कळतं.

गॉल्जीकाका: वरचं बरोबर पण एक स्टेशन राहिलं. २०१४ च्या कामात दिसलं की पंप आधी लायसोसोममध्ये (पेशीतला टाकाऊ माल पचवणारी पिशवी) जातो, तांबं तिथे भरतो, मग तो लायसोसोमच पित्तनलिकेकडे सरकतो, पडद्याला जुळतो आणि तांबं पित्तात ओततो. डायनॅक्टिन (पेशीत माल ओढणाऱ्या मोटर प्रोटीनचा मदतनीस) याचा पी६२ हा भाग पंपाला धरतो, त्यावर ही सगळी वाहतूक चालते. लायसोसोम म्हणजे नुसती कचराकुंडी असं शिकवतात ना, ते विसर.

सेमिनारचा_बकरा: भारीच! आणि तांबं उतरलं की? विल्सन आजारात (हाच पंप बिघडतो तो) नेमकं काय अडतं?

गॉल्जीकाका: उतरलं की परत गॉल्जीत. विल्सनमध्ये म्युटेशन शेकड्यांनी आहेत, पण युरोपात जास्त दिसणारं एच१०६९क्यू बघ, त्यात पंपाला थोडंफार काम येत असतं पण घडी नीट पडत नाही म्हणून ईआर (प्रोटीन बनून घडी पडते ती पेशीतली जागा) त्याला सोडतच नाही. पोस्टिंगच नाही म्हटल्यावर दोन्ही कामं बोंबलतात, यकृतात तांबं साठतं आणि रक्तात सेरुलोप्लाझ्मिन सहसा कमी दिसतं, कारण तांब्याशिवायचं सेरुलोप्लाझ्मिन लवकर मोडतं.

सेमिनारचा_बकरा: मग विल्सनवरचं औषध पेनिसिलामाइन पंप सुधारतं का?

पित्तप्रकृती: छे, ते तांब्याला धरून लघवीवाटे काढतं. पित्ताचा रस्ता बंद तो बंदच. हे सर विचारणारच, लिहून ठेव.