पावणेदोन वर्षांच्या लेकीला बोलतं करतील अशी खेळणी सुचवा

नमस्कार मंडळी,

आम्ही बेंगळुरूला असतो. घरात मराठी, पाळणाघरात कन्नड आणि थोडं इंग्रजी. लेक पंधरा-वीस शब्द बोलते, सांगितलेलं सगळं तिला कळतं, कानही तपासून घेतलेत, ठीक आहेत. आता आजी-आजोबा येताहेत आणि काय खेळणी आणू म्हणून रोज फोन करताहेत.

बटण दाबलं की गाणारी, एबीसीडी म्हणणारी खेळणी घरात ढीगभर आहेत. ती सुरू झाली की लेक नुसती बघत बसते आणि आम्हीही बोलायचे थांबतो. १० ते १६ महिन्यांच्या बाळांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास २०१६ साली आला होता. त्यातही हेच दिसलं: अशी खेळणी असताना आईवडील सगळ्यात कमी बोलले, पुस्तक असताना सगळ्यात जास्त. घरं २६च होती, पण मला ते पटलं.

उलट सावंतवाडीची लाकडी फळं काढली की चित्रच वेगळं. सीताफळ उचलून ती माझ्या नाकाशी धरते, "फऽ" म्हणते. मी "सीताफळ! बाबांना देऊया?" म्हटलं की टोपलीत टाकते आणि लगेच "दे, दे" करून परत मागते. असा खेळ अर्धा तास चालतो.

तर अशी आणखी काय खेळणी मागवू? भातुकली आत्ताच घ्यावी का? सगळं तोंडात जातं अजून. आणि जाड पुठ्ठ्याची मराठी चित्रपुस्तकं कुठली चांगली? पानावर एक सफरचंद आणि खाली नाव, अशी नकोत. चित्रात काहीतरी घडत असेल तर गप्पा मारता येतात.

प्रतिसाद:
ताई, बारीक भांड्यांची भातुकली तीन वर्षांनंतरच. तोवर घरातलीच वाटी, मोठा चमचा, पोळपाट-लाटणं द्या. आजीला कापडी बाहुली शिवून आणायला सांगा. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, झोपवणं यात क्रियापदं भरपूर येतात, आणि दोन शब्द जोडायला ती खूप उपयोगी पडतात. तुम्ही विचारल्यावर मात्र चार-पाच सेकंद थांबा, उत्तर आपणच देऊन टाकू नका. दुसऱ्या वाढदिवसानंतरही "आई दे" असं जोडून बोलली नाही तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था तुम्हाला जवळच आहे, दाखवून या. पुस्तकांचं जाणकार सांगतीलच.