पार्सलवर ‘अ‍ॅडल्ट’ लिहिलंय, घेऊन जा

ग्रुप: सोसायटी (फक्त कामाचं)

शनिवार

पाटील आप्पा, सेक्रेटरी: बी विंगचं एक पार्सल गेटवर फाटलेलं आलं आहे. वॉचमनने पिशवीत घालून केबिनमध्ये ठेवलंय. बिलावरचं नाव पुसलं गेलंय, ‘यंग अ‍ॅडल्ट’ एवढंच वाचता येतं. ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं.

चौधरी काका, खजिनदार: आप्पा, असलं ग्रुपवर टाकायचं नसतं. लेडीज आहेत इथे.

राहुल बी-४०१: यंग पण आणि अ‍ॅडल्ट पण. बी विंगमध्ये असं कोणी उरलंय का?

सुवर्णाताई बी-२०३: आमचंच असेल. गायत्रीने निकाल लागेपर्यंत वाचायला म्हणून पुस्तकं मागवली होती. मला ‘गोष्टीची पुस्तकं’ म्हणाली होती. हे अ‍ॅडल्ट काय आहे?

सुवर्णाताई बी-२०३: नमस्कार, मी गायत्री, आईच्या फोनवरून. यंग अ‍ॅडल्ट म्हणजे साधारण १२ ते १८ वयाच्या मुलांसाठीची पुस्तकं. हिरो-हिरॉइन आमच्याच वयाची असतात. शाळा, मैत्रिणी, पहिलं प्रेम, घरची भांडणं. ‘अ‍ॅडल्ट’ सिनेमाशी काही संबंध नाही. प्लीज.

चौधरी काका, खजिनदार: दहावीच्या पोरींना पहिलं प्रेम कशाला वाचायला पाहिजे? वाचून डोक्यात शिरतं. असली पुस्तकं सोसायटीत येऊ नयेत असा ठराव घ्या.

महाजन सर ए-१०१: चौधरी, ठराव नंतर घेऊ. आधी एक खरी गोष्ट ऐका. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली. अश्लील म्हणून खटला झाला आणि तो पार सुप्रीम कोर्टात गेला. १९६९ मध्ये कोर्टाने काकोडकरांना सोडलं. न्यायमूर्तींनी लिहिलंय की नुसता शरीरसंबंधाचा उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील ठरवायचं तर मग धार्मिक पुस्तकंच तेवढी विकता येतील. आणि एखादा परिच्छेद उचलून चालत नाही, पुस्तक सबंध वाचावं लागतं. तुम्ही हे पुस्तक पाहिलंय का?

चौधरी काका, खजिनदार: मी कशाला पाहू?

महाजन सर ए-१०१: तेच म्हणतो.

पाटील आप्पा, सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ७ ते ११ पाणी येणार नाही. भरून ठेवा.

सुवर्णाताई बी-२०३: (आई) पार्सल आणलं. दोन पुस्तकं निघाली. एक काळं, कव्हरवर कट्यार आणि त्यावर गुलाबाचे काटे. ते मी कपाटात कुलूपबंद केलं. दुसरं गुलाबी, आइस्क्रीमची गाडी, दोन कार्टून आणि एक मांजर. फार गोड आहे. ते गायत्रीला दिलं. प्रश्न मिटला.

कोमल सी-३०१: ताई, गुलाबी तिला दिलं का?

सुवर्णाताई बी-२०३: हो. का गं?

कोमल सी-३०१: ताई, ते माझं आहे. डिलिव्हरी चार्ज वाचावा म्हणून मी गायत्रीच्या ऑर्डरमध्ये टाकायला सांगितलं होतं. प्लीज लगेच परत घ्या. पान ११० च्या आत.

राहुल बी-४०१: ११० वर काय आहे?

कोमल सी-३०१: मला कसं माहीत असणार? मोबाईलवर फुकटचं सॅम्पल वाचलं होतं, त्यावरून अंदाज आला. सॅम्पल जिथे संपतं तिथे लिफ्ट बंद पडते.

सुवर्णाताई बी-२०३: मी गायत्री. वहिनी, मी ८४ वर आहे. खूण घालून ठेवलंय. आईने काळं दिलं तर गुलाबी परत करते.

सुवर्णाताई बी-२०३: (आई) म्हणजे कट्यारीचं लहान मुलांचं आणि मांजरीचं मोठ्यांचं?

कोमल सी-३०१: हो ताई. काळ्यात राज्य, लढाई, शाप, आणि साडेचारशे पानांनंतर एकदा पापी घेतात. आजकाल रोमान्सवर सर्रास कार्टूनची कव्हरं येतात, आत संसारी माणसांचं सगळं असतं. माझ्या आत्याच्या काळी बरं होतं. कव्हरवरचा शर्टाची बटणं उघडी टाकलेला माणूस बघूनच कळायचं काय आहे ते. ती त्याला बँकेच्या पासबुकाचं प्लास्टिक घालून वाचायची.

महाजन सर ए-१०१: मिल्स अँड बून असणार. लंडनची कंपनी, १९०८ ची. भारतात त्यांनी स्वतःची शाखा २००८ मध्ये काढली. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही वर्तमानपत्राच्या घडीत सापडायची. मुलांकडून जप्त केलेली.

राहुल बी-४०१: सर, जप्त केल्यावर कोणाकडे असायची?

महाजन सर ए-१०१: त्या प्रश्नाचं उत्तर देण्यास मी बांधील नाही.

रविवार

भावसार काकू ए-२०२: (व्हॉइस टायपिंग) काय चाली राहिनं हाई? मी सकायपासून गच्चीवर बिबडे, ज्वारीना पापड, टाकी राहिनू. मी वाचत नही, मी आयकस. मन्हा नातूनी मोबाईलमा लाई दिधं. तो डॉक्टर आणि ती नर्स भांडतस, भांडतस, कालदिन त्यानी तिले छत्री दिधी. मन्हे तीन बिबडे जाड व्हई ग्यात.

सुवर्णाताई बी-२०३: गायत्री. काकू, त्याला ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणतात. आधी शत्रू, मग प्रेम.

भावसार काकू ए-२०२: त्याले आमनाकडे लगीन म्हनतस बेटा. फक्त उलटं चालस, आधी प्रेम मंग शत्रू.

कोमल सी-३०१: काकू, तुम्ही ऐकताय तसलंच मी मराठी अ‍ॅपवर वाचते, प्रतिलिपीवर. जळगाव-भुसावळ अप-डाऊनमध्ये दोन भाग होतात. पुढचा भाग उद्या. वैताग येतो पण सोडवत नाही. शंभरातल्या नव्वद गोष्टींत हिरो कंपनीचा मालक आणि रागीट असतो. उरलेल्या दहांसाठी मी चाळत बसते. परवा एक सापडली, नायिका जिनिंगमध्ये हिशेब लिहिते. कापसाचे दर, वजनकाटा, सगळं बरोबर. ती लिहिणारी बाई आपल्याकडचीच असणार.

सुवर्णाताई बी-२०३: गायत्री. वहिनी लिंक द्या ना. मला तेच पाहिजे. मी वाचते त्यात मुली लॉकरमध्ये वह्या ठेवतात आणि प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीला, जातात. मला प्रॉम म्हणजे काय ते वाचून वाचून पाठ झालंय. पण ट्यूशन सुटल्यावर मेहरुण तलावावर चौघी एका स्कूटीवर जातात असं कोणी लिहीत नाही. मराठीत आमच्या वयाचं नवीन काय आहे?

महाजन सर ए-१०१: मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ वाच. नववीतला मुलगा, वर्गातली मुलगी, आणीबाणीचा काळ.

सुवर्णाताई बी-२०३: वाचली सर. दोनदा. फार आवडली. पण ती २००४ ची आहे, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आणि ती मुलाच्या बाजूने आहे. त्या मुलीला, शिरोडकरला, काय वाटत होतं ते मला पाहिजे.

महाजन सर ए-१०१: हे मात्र खरं. मी बरीच वर्षं ही कादंबरी लोकांना सुचवतोय, हा प्रश्न मला सुचला नव्हता. मग नेमाडेंची ‘कोसला’? आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ ला आली तेव्हा पंचविशीत होते.

सुवर्णाताई बी-२०३: सर, त्यात प्रेम कुठंय?

महाजन सर ए-१०१: नाही. त्यात ते नाही. व. वा. वाचनालयात जाऊन शोधतो. तुला ना. सी. फडक्यांच्या प्रेमकथा चालतील का? एके काळी कॉलेजची पोरं त्यांच्यावर फिदा होती.

सुवर्णाताई बी-२०३: गायत्री. बघते सर. पण मुलगी टेनिस खेळत असेल आणि तो प्रोफेसर असेल तर नको.

महाजन सर ए-१०१: मग नको.

राहुल बी-४०१: एवढं कशाला शोधताय. त्या काळ्या पुस्तकाचे पुढचे तिन्ही भाग पीडीएफमध्ये आहेत माझ्याकडे. घ्या.

राहुल बी-४०१: *३ फाइल्स*

महाजन सर ए-१०१: राहुल, ती लेखिका जिवंत आहे. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापा, वाटा. फडके १९७८ ला गेले, त्यांचं २०३८ संपेपर्यंत बंद. अमळनेरच्या गुरुजींची पीडीएफ टाक, मी स्वतः प्रिंट काढून वाटतो. ही काढ.

राहुल बी-४०१: *हा मेसेज डिलीट केला आहे*

राहुल बी-४०१: सॉरी सर. पण एक पुस्तक ३९९ ला आहे, चार भागांचे सोळाशे. पोरांनी करायचं काय?

कोमल सी-३०१: हा प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच म्हणते, वॉचमनच्या केबिनमागे ती बंद पडलेल्या टीव्हीची शेल्फ आहे ना, ती द्या. माझी अकरा पुस्तकं ठेवते. एकाने घ्यायचं, दहा जणांनी वाचायचं.

चौधरी काका, खजिनदार: आणि मांजरीच्या कव्हरचं लहान पोरांच्या हाती लागलं तर?

सुवर्णाताई बी-२०३: (आई) चौधरी भाऊंचा मुद्दा या वेळी मलाही पटतो. मीच फसले. कव्हर खोटं बोलतं. लेबलवरही भरवसा नाही, गायत्री सांगते की ‘न्यू अ‍ॅडल्ट’ म्हणून आणखी एक प्रकार आहे.

सुवर्णाताई बी-२०३: गायत्री. तो कॉलेज आणि नोकरीच्या वयाचा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकाशनाने स्पर्धा घेतली, त्यातून ते नाव पुढे आलं. दुकानदार दोन्ही एकाच रॅकमध्ये ठेवतात. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, पण तिथल्या पुस्तकांचे व्हिडिओ रील होऊन येतात. त्यात मुलगी फक्त रडते आणि पुस्तक छातीशी धरते. आत काय आहे ते कोणीच सांगत नाही. मी आधी सॅम्पल वाचते, मग लेखिकेची वेबसाइट बघते. खूप जणी तिथे आधीच लिहून ठेवतात, यात मृत्यू आहे, मारहाण आहे, वगैरे. आणि वाचणाऱ्या एकमेकींना विचारतात, क्लोज्ड डोअर की ओपन डोअर.

पाटील आप्पा, सेक्रेटरी: म्हणजे काय?

कोमल सी-३०१: म्हणजे आप्पा, ते दोघं खोलीत गेले की लेखिका दार लावून घेते, की आपल्याला पण आत नेते.

भावसार काकू ए-२०२: मंग दार उघडं शे का बंद शे ते पुठ्ठावर लिखी टाका ना. पापडना डबावर नही लिखतस का, तिखट, बिनतिखट.

महाजन सर ए-१०१: भावसार वहिनींनी दोन दिवसांची चर्चा संपवली. मी वही देतो, दोनशे पानी. ज्याने पुस्तक पूर्ण वाचलं त्यानेच लिहायचं. नाव, दार कसं, किती वर्षांच्या मुलाला द्याल, आणि एक ओळ. ‘छान आहे’ लिहायचं नाही. मी त्यावर लाल पेन मारेन.

चौधरी काका, खजिनदार: शेल्फला पॉलिश करायला सोसायटीच्या फंडातून एक रुपया मिळणार नाही.

चौधरी काका, खजिनदार: माझ्याकडे अर्धा डबा वॉर्निश पडून आहे. संध्याकाळी पाठवतो.

पुढचा शुक्रवार

महाजन सर ए-१०१: वहीतल्या आतापर्यंतच्या नोंदी टाकतो, म्हणजे शोधायला सोपं.
काळं, कट्यारीचं. दार बंद. १३ च्या पुढे. “पहिली ६० पानं नावं लक्षात राहत नाहीत, मागे नकाशा आहे तो बघत वाचा. घोडा मरतो. गायत्री.”
गुलाबी, मांजरीचं. दार सताड उघडं. मोठ्यांसाठी. “मांजर फक्त कव्हरवर आहे. कोमल.”
डॉक्टर-नर्स, ऐकायचं. दार लोटलेलं. “सासू चांगली दाखवली शे, म्हनीसन खोटं वाटस. भावसार.”
‘शाळा’. दार नाहीच, वर्ग आहे. “शेवटी पोटात तुटतं. शिरोडकरने पण लिहावं. गायत्री.”
आणखी एक नोंद आहे, बिननावाची. गुलाबी पुस्तकाखाली लिहिलंय, “प्रकरण ९ नंतर कंटाळवाणं.” अक्षर मेंटेनन्सच्या पावतीवर असतं तसं आहे.

राहुल बी-४०१: चौधरी काका ऑनलाइन आहेत.

राहुल बी-४०१: गेले.

शनिवार

पाटील आप्पा, सेक्रेटरी: काल रात्री सी विंगला दार उघडं होतं. हे बरोबर नाही. लहान मुलं आहेत. कोणाचं काम आहे ते सांगा.

कोमल सी-३०१: आप्पा, नाव सांगा. वहीत लिहिते.

सुवर्णाताई बी-२०३: (आई) किती वर्षांच्या पुढे?

पाटील आप्पा, सेक्रेटरी: कशाचं नाव? गच्चीचं दार म्हणतोय मी. कुत्रा शिरला आणि भावसार वहिनींचे अर्धे बिबडे खाऊन गेला.