फोंतेन्हासमधील जुन्या घरात भाड्याने राहावे का?

प्रश्न : नोकरीनिमित्त फोंड्याहून पणजीला येत आहे. तिथल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत एका घराच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या पाहिल्या; लाकडी जिना, कौलारू छप्पर आणि काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेली खिडकी पाहून मन तिथेच रमले. पावसाळ्यात अशा घरात राहणे कितपत सोयीचे ठरेल?

उत्तर १ : मी शेजारच्याच ‘मळा’ नावाच्या वस्तीत सहा वर्षे राहते आहे. ही घरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहेत आणि चिरा पाणी शोषतो, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती दमट राहतात. पहिल्या वर्षी मी कपाट भिंतीला टेकवून ठेवले आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, साडी काढली, तेव्हा प्रत्येक घडीवर पांढरी बुरशी धरली होती. कपाट वीतभर पुढे ठेवावे. खोल्या पुन्हा एकदा, भर पावसात पाहाव्यात. छताच्या वाशांवरचे काळे डाग गळती कुठे आहे ते सांगतात.

उत्तर २ : मेअखेरीस कौले परतण्याचा, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवण्याचा, खर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्यावे, कारण वाद नेमका तिथेच होतो. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. विजेचा मीटर स्वतंत्र आहे का, तेही पाहावे. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी लावायला जागा मिळणे कठीण.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. वाशांकडे मी पाहिलेच नव्हते. रविवारी पाऊस असला तर पुन्हा जाईन.